हळदीचा कागद

आमच्या शाळेत विज्ञानाचं एक कपाट होतं आणि त्याची किल्ली हेडमास्तरांच्या कोटाच्या आतल्या खिशात असायची. काचेच्या दारांतून आतलं सगळं दिसे. परीक्षानळ्या, चंचुपात्रं, स्पिरिटचा दिवा, एक छोटा तराजू. दिपोटी, म्हणजे शाळा तपासायला येणारे सरकारी साहेब, यायचे त्या दिवशी शिपाई काचा पुसून लख्ख करायचा, आणि ते गेले की पुन्हा वर्षभर धूळ. मी नवीन असताना एकदा किल्ली मागितली. हेडमास्तर म्हणाले, "बाई, फुटलं तर?" मी म्हटलं, "फुटेल की. वापरलं की फुटतंच." त्यानंतर आठवडाभर ते माझ्याशी धड बोलले नाहीत.

शाळा लालबागला, एका मिलच्या भिंतीला लागून. माझ्याकडे सातवीचं सामान्य विज्ञान होतं. पोरं बहुतेक गिरणी कामगारांची, कोकणातून आलेल्या घरांतली, चुणचुणीत. आणि त्यांना शिकवायचं काय, तर व्याख्या. आम्ल म्हणजे काय? अल्क म्हणजे काय? पन्नास तोंडं एका सुरात उत्तर द्यायची आणि एकाही तोंडाला आपण काय बोललो ते ठाऊक नसायचं. परीक्षाही तीच. जो न अडखळता म्हणेल तो हुशार, जो अडखळेल त्याला भोपळा. माझ्या डोक्यात तिडीक जायची. अहो, आम्ल ही काय आरती आहे म्हणायला?

त्या वर्षी मी हेडमास्तरांच्या मागेच लागले. वार्षिक परीक्षेत सातवीचं विज्ञान तोंडी नको, हातांनी करू दे. मुलांपुढे वस्तू ठेवायच्या, प्रश्न टाकायचा, आणि ती काय करतात ते बघून मार्क द्यायचे. हेडमास्तर बरेच दिवस टाळत राहिले. मग एका दुपारी त्यांनी मला बोलावलं आणि म्हणाले, "करा. पण दिपोटींच्या समोर करायचं. त्यांनी चांगला शेरा मारला तर तुमची नेमणूक कायम करायची शिफारस मी करतो. नाहीतर बाई, तुमची हंगामी मुदत मेमध्ये संपतेच आहे." असं बोलताना त्यांनी खिसा चाचपला. किल्ली आहे ना ते बघितलं असणार.

आता त्या कायम नेमणुकीचं मला एवढं काय होतं, ते सांगायला हवं. मी गिरगावात सासरी राहायचे. अंगाची हळद उतरली नाही तोच नवरा टायफॉईडनं गेला. इंटर सायन्सपर्यंत शिकलेली होते म्हणून ही नोकरी मिळाली, तीही एक मास्तर मध्येच सोडून गेले म्हणून. घरात सासूबाई आणि थोरले दीर, त्यांना मी भावोजी म्हणायचे, आणि त्यांची बायकामुलं. कुणी मला मारलं नाही की उपाशी ठेवलं नाही, खोटं कशाला बोलू? पण त्या दोन खोल्यांत माझी जागा म्हणजे मोरीजवळचा कोपरा. सणावाराला मी आत. हळदीकुंकवाच्या बायका आल्या की मी आणखी आत, स्वयंपाकघराचं दार लोटून, बाहेरच्या हसण्याचे आवाज ऐकत. सकाळी ट्रामनं लालबाग आणि संध्याकाळी ट्रामनं गिरगाव, त्या ट्रामची खिडकी तेवढी माझी. भावोजींना नोकरी कधीच पसंत नव्हती. दर काही दिवसांनी ते म्हणायचे, "हंगामी नोकरीसाठी कशाला ही वणवण? लोक नावं ठेवतात." आणि मी भांडी घेऊन मोरीत. जीव घुसमटायचा अगदी.

परीक्षेसाठी मी हळदीचे कागद करायचं ठरवलं. टिपकागदाच्या पट्ट्या हळदीच्या पाण्यात भिजवून वाळवायच्या, बस. अशा पट्टीवर चुन्याच्या निवळीसारखं अल्क टाकलं की ती लालभडक होते. आम्ल टाकलं तर पिवळीच राहते. पण आधीच लाल झालेल्या पट्टीवर आम्ल टाकलं तर लाल जाऊन पुन्हा पिवळी होते. कुठल्याही घरात होणारी गोष्ट. कुंकू करायला दुसरं काय करतात? हळद आणि चुना! एका रविवारी मी गॅलरीत दोरीवर पट्ट्या वाळत घातल्या. त्या काढताना ओला पदर हळदीत गेला. माझं नेहमीचं पांढरं लुगडं, त्यावर हा एवढा पिवळा डाग. दुसऱ्या दिवशी तेच नेसून जायचं होतं. गेले चाळीच्या नळावर आणि घाईघाईनं साबण फासला.

साबण म्हणजे अल्क. हे पोरांना शिकवणारी मीच! पण घाईत कुठलं लक्षात राहतंय? पदर नळाखाली धरला आणि तो लालेलाल. नळावर पाच-सहा बायका होत्या. एकीनं हातातली कळशी खाली ठेवली आणि म्हणाली, "अगो बाई! हे काय गं पदराला तुझ्या? कुंकू?" झालं. मी ओरडून सांगत होते, हळद आहे, साबणानं लाल होते, तुमच्याही होते की रोज! पण ऐकतंय कोण? मी जिना चढून वर पोचायच्या आत बातमी वर पोचली होती.

सासूबाई दारातच उभ्या होत्या. त्याही विधवाच. सासरे गेले तेव्हा माझे मिस्टर पाळण्यात होते म्हणे. त्यांनी पदराकडे बघितलं, माझ्या कपाळाकडे बघितलं आणि आत गेल्या. बोलले ते भावोजी. "चाळीत तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस. पुरे झाली ती शाळा. मेपर्यंत जा, जूनपासून घरी." मी म्हटलं, "आणि नेमणूक कायम झाली तर?" एवढं उलट मी त्या घरात कधी बोलले नव्हते. ते मग म्हणाले, "झाली तर आई ठरवेल." मला वाटलं, मग संपलंच. आई काय ठरवणार ते मला ठाऊक होतं.

परीक्षेच्या दिवशी सकाळी ट्राम लालबागच्या अलीकडेच थांबली. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ तेव्हा पेटलेली होती. रोज मोर्चे, रोज हरताळाची आवई, नाक्यानाक्यावर पोलिसांच्या गाड्या. उरलेलं अंतर मी हळदीच्या पट्ट्यांची पिशवी छातीशी धरून चालत गेले. शाळेत दिपोटी आधीच येऊन बसलेले. काळा कोट, काळी टोपी, मांडीवर छत्री. ते नेहमी काय करायचे ते सगळ्या शाळेला पाठ होतं. हजेरीपट बघायचा, दोन पोरांना नद्यांची नावं विचारायची, बटाटेवडा आणि चहा घ्यायचा, शेरा लिहायचा आणि निघायचं. त्यांनी मला बघून म्हटलं, "हां, ते प्रयोगाचं ना? चालू करा. मी पाच मिनिटं डोकावतो." माझं तोंडच पडलं. पाच मिनिटांत पोरं बाटलीचं बूचसुद्धा काढत नाहीत.

आणि तेवढ्यात नाक्यावर गलका झाला. "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे" ही घोषणा जवळ आली, मग पळापळ, मग काहीतरी फुटल्याचा आवाज. शिपायानं शाळेचं फाटक ओढून कुलूप घातलं. पोलिसांनी अश्रुधूर सोडला होता, त्यामुळे खिडक्याही लावून घेतल्या. हेडमास्तर घामाघूम. दिपोटी दारापर्यंत जाऊन परत आले. "आता काय?" म्हणाले. मी म्हटलं, "आता बसा, साहेब. बाहेर जायला वाट नाहीये." मला राग होता की आनंद, कुणास ठाऊक. पण एकदाचं माझ्याबरोबर आणखी कुणीतरी अडकलं होतं.

मी दर बाकावर औषधाच्या धुतलेल्या तीन बाटल्या ठेवल्या. एकीत चुन्याची निवळी, एकीत तुरटीचं पाणी, म्हणजे आम्ल, एकीत नळाचं पाणी. तिन्ही दिसायला सारखी. बरोबर हळदीच्या पट्ट्या, बशी आणि काडी. फळ्यावर तिन्हींची नावं दिली आणि खाली लिहिलं, "कुठल्या बाटलीत काय आहे ते शोधा. चाखायचं नाही." पहिल्या मिनिटाला एकानं चाखलं. त्याचे मार्क मी तिथेच कापले आणि त्याला चूळ भरायला पाठवलं.

खरं सांगते, त्या तासाभरात मला माझी पोरं पहिल्यांदा कळली. वर्गात पहिला येणारा मुलगा, व्याख्या अशी म्हणायचा की ऐकत राहावं, तो तीन बाटल्यांकडे बघून रडवेला झाला. "बाई, कुठली कुठली ते आधी सांगा ना, मग मी बरोब्बर लिहितो." दुसरा एक, नेहमी अंगठे धरून उभा असणारा, प्रत्येक थेंबानंतर काडी धुऊन पुसत होता. ते त्याला कुणी शिकवलं नव्हतं. मी त्याला त्याबद्दलच मार्क दिले. बहुतेकांनी पट्ट्या बुडवल्या, एक लाल झाली, ती निवळी हे ओळखलं. पण उरलेल्या दोन्ही बाटल्यांत पट्टी पिवळीच. तिथे सगळ्यांची गाडी अडली. त्यांना वाटलं, आता चाखल्याशिवाय इलाज नाही. दोघांतिघांचे डोळे माझी पाठ कधी वळते तिकडे लागलेले.

वर्गात धुराचा वास येत होता. पोरांनी ओले रुमाल नाकाला बांधले होते, दिपोटींनीही. बंद खिडक्यांत जीव उकडून निघत होता, आणि बाहेर मधूनच बुटांचे आवाज. दिपोटी कंटाळून बाकांमधून फिरायला लागले. दर बाकाशी तोच प्रश्न, "आम्ल म्हणजे काय?" जणू फळ्यावरचं त्यांनी वाचलंच नव्हतं. मला वाटलं, गेलं सगळं, हा माणूस इथेही नद्यांची नावंच विचारणार.

शेवटच्या बाकावर एक मुलगी होती. मालवणकडची, बाप गिरणीत, आई खानावळ चालवणारी. तोंडी परीक्षेत तिचा आवाजच फुटायचा नाही, दरवेळी भोपळा. मी पाहिलं तर तिनं बाकीच्यांसारखी बाटल्यांशी झटापट कधीच सोडून दिली होती. तिनं आधी पट्टी निवळीत बुडवून लाल केली होती. मग तिचे दोन तुकडे केले होते. एका तुकड्यावर दुसऱ्या बाटलीतलं पाणी, दुसऱ्या तुकड्यावर तिसऱ्या बाटलीतलं, थेंब थेंब. हेच मला हवं होतं, आणि अख्ख्या वर्गात हे एकटीला सुचलं होतं.

दिपोटी तिच्यापाशी थांबले. "काय ओळखलंस?"

तिनं बाटल्यांवर बोट ठेवलं. "ही निवळी. हे तुरटीचं. हे साधं पाणी."

"कशावरून?"

तिची मान खाली. मला वाटलं, आता व्याख्या विचारतील आणि ही पुन्हा मुकी होईल. मी न राहवून म्हटलं, "सांग गं, घाबरू नको. तुझ्या शब्दांत सांग."

तिनं लाल तुकडा उचलून दाखवला. "बाई, ह्यां बघा, हिनं कुंकू होतं." मग दुसरा तुकडा, जो पिवळा पडला होता, तो वर केला. "आणि हिनं कुंकू जातं. साध्या पाण्यानं काहीच होत नाही."

"कुंकू जातं" म्हणताना तिनं मान वर केली आणि तिची नजर माझ्या कपाळावर गेली. वर्गातल्या सगळ्या पोरांना माहीत होतं, बाईंचं कसं ते. सगळ्यांनी ऐकलं. नाक्यावरचा गलकासुद्धा मला ऐकू येईना. दिपोटींनी घसा खाकरला. त्या पोरीचा चेहरा असा झाला, जणू तिनंच माझं काहीतरी पुसलं होतं. मला ओरडावंसं वाटत होतं, अगं वेडे, तू बरोबर आहेस!

मग तिनं घाईघाईनं निवळीची बाटली उचलली आणि त्या पिवळ्या तुकड्यावर भडाभडा ओतली. बशी भरली, बाकावर सांडलं. तुकडा लाल झाला. "पण परत येतं, बाई," ती म्हणाली. "बघा ना. पाहिजे तेवढ्या वेळा येतं."

मी तो ओला तुकडा तिच्या हातातून घेतला. "पैकीच्या पैकी," एवढंच म्हटलं आणि खिडकीकडे तोंड करून उभी राहिले. खिडकी बंद होती. अश्रुधुराचं निमित्त होतं म्हणून बरं, डोळे सगळ्यांचेच लाल होते.

दुपारनंतर फाटक उघडलं. दिपोटींनी वडा न खाताच शेरा लिहिला. हेडमास्तरांनी मला तो वाचून दाखवला. "प्रयोगपरीक्षा समाधानकारक. मुले स्वतः विचार करतात. मात्र त्यांची भाषा सुधारावी." हेडमास्तर म्हणाले, "शिफारस आजच पाठवतो, बाई." आणि मग खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवली. नाही म्हणत म्हणत ठेवली, पण ठेवली.

ट्राम बंदच होत्या. चिंचपोकळीवरून चालत मी गिरगावात पोचले तेव्हा पायांचे तुकडे पडायची वेळ आली होती. दारातच भावोजी. "कुठे होतीस? शहर पेटलंय आणि ही बाई भटकतेय!" मी चपला काढत म्हटलं, "शिफारस झाली. मी कायम होणार." ते आतल्या खोलीकडे वळले. "आई, ऐकलंस?"

सासूबाई बाहेर आल्या. माझ्याकडे नाही, माझ्या हाताकडे बघत. तो तुकडा मी वाटभर मुठीत धरला होता आणि माझी बोटं लाल झाली होती, नखांतसुद्धा. "हात पुढे कर," त्या म्हणाल्या. मी केला. मनात म्हटलं, घ्या, जून आत्ताच आला.

त्या आत गेल्या आणि लिंबाची फोड घेऊन आल्या. माझा हात त्यांनी आपल्या हातात धरला आणि एकेक बोट लिंबानं चोळायला लागल्या. लाल जाऊन पिवळं पडत गेलं. अंगठा राहिला होता तेव्हा त्या वर न बघता भावोजींना म्हणाल्या, "शाळेत जाईल ती. पण हात असे करून चाळीत यायचं नाही."

माझा संताप अगदी टाळूला जाऊन भिडला. जा म्हणतात, आणि बोटं पुसतात! मी हात काढून घेतला. "पुसून काय उपयोग, आई? निवळी टाकली की परत येतं. आज एका पोरीनं दाखवलं मला. पाहिजे तेवढ्या वेळा येतं."

सासूबाईंचा हात तसाच हवेत राहिला. इतकी वर्षं मी त्या बाईला घाबरत आले होते. त्या माझ्या अंगठ्याकडे बघत होत्या.

"येतं होय?" त्या म्हणाल्या. "मला कुणी सांगितलंच नाही गं."

लिंबाची फोड त्यांनी तशीच मोरीत टाकली. अंगठा लालच ठेवला.